मोटारीतील शीतयंत्र आणि त्याची दुखणी

रायपूर शहर उत्तर अक्षांश २१ अंश १५ कलांच्या जवळपास वसलेले आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत असता मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात तो ह्या शहराच्या बरोबर डोक्यावर येतो, आणि मध्यान्ही क्षणभर उभ्या खांबाची सावली त्याच्या पायथ्यातच लोपते. छत्तीसगडातील लोक ज्यांना 'नौतपा' म्हणतात ते नऊ दिवस ह्याच सुमारास, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की सुरू होतात. समुद्र दूर, आकाश निरभ्र, जमीन कोरडी; अशा वेळी पारा ४३-४४ अंश सेल्सिअसपर्यंत चढला तर कोणासही नवल वाटत नाही. भोसल्यांच्या अमलापासून नागपूर आणि रायपूर यांचा संबंध जुळलेला आहे, आणि उन्हाळ्यावरील उपायही दोन्हीकडे सारखेच आहेत. दारा-खिडक्यांना वाळ्याचे भिजवलेले पडदे लावावेत, आणि अलीकडे त्याच तत्त्वावर चालणारा कूलर लावावा, ही रीत नागपूरला जितकी परिचयाची तितकीच रायपूरच्या मराठी घरांनाही.

हा उपाय वैशाखात इतका गुणकारी का ठरतो, हे शाळेतील विद्यार्थ्यांस दोन तापमापकांनी पाहता येईल. एका तापमापकाचा फुगा कोरडा ठेवावा, दुसऱ्याभोवती ओली कापडी पट्टी गुंडाळावी आणि दोहोंना वारा घालावा. हवा ४३ अंश उष्ण व तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरतो. वीस अंशांचा हा फरक म्हणजेच कूलरची सारी शक्ती होय. जुलैत हवा ३० अंशांची पण ८५ टक्के आर्द्र असते. त्या वेळी हाच फरक जेमतेम दोन अंश भरतो, आणि कूलर नुसता दमट वारा फेकू लागतो.

मोटारीस वाळ्याचा पडदा लावता येत नाही. अमेरिकेच्या रखरखीत भागांत एके काळी पाण्याने भिजणारा पंपासारखा डबा खिडकीस अडकवून मोटारी हाकीत असत, ही गोष्ट खरी. पण तो प्रकार मागे पडला. आज मोटारीत जे शीतयंत्र असते ते पाण्याच्या बाष्पीभवनावर चालत नाही. ते एका बंदिस्त वायूवर चालते, आणि त्याची दुखणीही त्या वायूच्या स्वभावातूनच उद्भवतात.

थंडी नावाचा पदार्थ जगात नाही. जी असते ती उष्णता. मोटार थंड करणे म्हणजे तिच्यातील उष्णता उचलून बाहेर टाकणे. हे कसे साधते ते समजण्यास दोन गोष्टी ध्यानी ठेवल्या म्हणजे पुरे. द्रवाचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि तेच बाष्प पुन्हा द्रव होताना ती उष्णता परत देते, ही एक. द्रव किती तापमानास उकळावा हे त्यावरील दाबावर अवलंबून असते, ही दुसरी. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे १२० अंशांस उकळते, ते ह्याच कारणाने. गेली सुमारे तीस वर्षे बहुसंख्य मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ए हा प्रशीतक उघड्या हवेत उणे २६ अंशांस उकळतो. त्यावर वातावरणाच्या साडेतीनपट दाब असेल तर तो ५ अंशांस उकळतो, आणि दाब सतरापटीच्या जवळ नेला तर त्याच्या बाष्पाचा द्रव चक्क ६० अंशांच्या उष्णतेतही होतो.

ह्या आकड्यांत यंत्राची सारी युक्ती सामावलेली आहे. एंजिनाच्या पट्ट्याने फिरणारा संपीडक, म्हणजे कारागिरांचा कॉम्प्रेसर, थंड बाष्प ओढून घेऊन दाबतो. दाबल्यामुळे ते तापते. हे तप्त बाष्प मोटारीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या संघनकात, म्हणजे कंडेन्सरमध्ये शिरते आणि बाहेरच्या हवेस उष्णता देऊन द्रव होते. तेथून ते ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून जाऊन प्रसरण झडपेच्या बारीक छिद्रापाशी येते. छिद्रापलीकडे दाब एकदम कमी असल्यामुळे द्रव उकळू लागतो, आणि तो जेथे उकळतो ती कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आड बसवलेली असते. पंखा तिच्यावरून हवा फुंकतो व ती गार हवा आपल्या तोंडावर येते. लहान मोटारीत हा प्रशीतक अवघा अर्धा किलोग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. यंत्र चार किलोवॉट इतक्या दराने उष्णता उपसत आहे असे धरून हिशेब केला, तर हा अर्धा किलोग्रॅम सुमारे पंधरा सेकंदांत साऱ्या नळ्यांतून एक फेरा पुरा करतो.

आता रायपूरची अडचण पाहा. उष्णता आपण होऊन अधिक उष्ण वस्तूकडून कमी उष्ण वस्तूकडेच जाते. म्हणून कंडेन्सर बाहेरच्या हवेहून बराच अधिक तप्त असावा लागतो. पचमढीस हवा २५ अंशांची असेल तेव्हा हे सोपे आहे. पण जी. ई. रोडवर, म्हणजे मुंबई-कोलकाता मार्गाच्या शहरातून जाणाऱ्या जुन्या भागावर, दुपारी दोन वाजता गाडी उभी असते तेव्हा तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा छायेतील तापमापकाच्या आकड्यापेक्षाही उष्ण असते. त्या हवेत उष्णता टाकायची, तर कंडेन्सरला साठ अंशांवर चढावे लागते. दाब वाढतो, कॉम्प्रेसरला श्रम पडतात, आणि थंड ऋतूत जे लहानसे वैगुण्य लपून राहते ते ह्या दिवसांत उघडे पडते. एप्रिल उजाडताच गॅरेजांपुढे रांगा लागतात त्या यामुळेच. यंत्र त्या महिन्यात बिघडलेले असते असे नव्हे, ते पूर्वीच बिघडलेले असते.

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्यास चार प्रश्न विचारतो, तसेच येथेही करावे. गाडी धावत असता हवा गार येते पण सिग्नलपाशी थांबताच ती कोमट होते, अशी तक्रार असेल तर प्रशीतकाकडे वळण्याचे काही कारण नाही. धावत्या गाडीत वाऱ्याचा झोत कंडेन्सर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम विजेच्या पंख्याचे. तो पंखा फिरत नसेल, मंद फिरत असेल, किंवा कंडेन्सरच्या पात्यांत धूळ दाटली असेल, तर हेच लक्षण दिसते. उरला व सिलतरा ह्या औद्योगिक भागांकडे नित्य जाणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरवर काळसर बारीक धूळ बसते; तीत किडे, झाडांचा कापूस आणि पावसाळ्यातील चिखल मिसळला म्हणजे त्याचे नमद्यासारखे आवरण बनते. पुष्कळदा हे आवरण कंडेन्सर आणि रेडिएटर यांमधील फटीत दडलेले असते व समोरून दिसत नाही. बेताच्या दाबाच्या पाण्याने, शक्य तर आतून बाहेर, ते धुऊन काढले की पैसा न खर्चिता गारवा परत येतो. गाड्या धुण्याच्या ठिकाणचा जोरकस फवारा मात्र येथे वापरू नये. त्याने नाजूक पाती वाकून वाट कायमची बंद होते.

हवा गार आहे पण तिला जोर नाही, असे असेल तर दोष वाऱ्याच्या मार्गात शोधावा. बहुतेक नव्या गाड्यांत सामानाच्या कप्प्यामागे हवा गाळणारी जाळी असते. ती दोन-तीन उन्हाळे बदललेलीच नसते, आणि मालकास ती आहे हेही ठाऊक नसते. प्रारंभी उत्तम गारवा येतो, अर्ध्या तासाने वारा मंदावतो, आणि यंत्र थोडे बंद ठेवले की पुन्हा ठीक होतो, असे दिसले तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचत आहे असे समजावे. कॉइलचे तापमान शून्याच्या खाली जाऊ न देणारा संवेदक निकामी झाला, किंवा वाराच कमी पडला, म्हणजे असे होते. मुळीच गारवा नसेल तर बॉनेट उघडून कान द्यावा. यंत्र सुरू करताच कॉम्प्रेसरच्या तोंडाशी चुंबकीय क्लच 'टक्' असा आवाज करून चिकटतो. तो चिकटत नसेल तर फ्यूज, रिले, तार किंवा दाबाची कळ यांपैकी कोठेतरी वीज अडली आहे. किंवा प्रशीतक इतका गळाला आहे की दाबाची कळच कॉम्प्रेसरला सुरू होऊ देत नाही. काही गाड्यांत क्लच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आत आपले काम कमी-अधिक करतो; तेथे कानाची ही परीक्षा चालत नाही.

येवढे झाल्यावरच दाबमापकांच्या जोडीची पाळी येते. निळा मापक खालच्या दाबाच्या बाजूस आणि तांबडा वरच्या दाबाच्या बाजूस जोडतात. आपल्याकडे गॅरेजात दाब अजून पौंडांतच मोजतात. सुस्थितीतील यंत्रात निळा काटा साधारणतः ३० ते ४५ आणि तांबडा २०० ते २७५ पौंड दर चौरस इंचास दाखवतो, आणि रायपूरच्या भर दुपारी तांबडा ह्याहूनही वर गेलेला आढळतो. एकेका आकड्यापेक्षा दोघांचे परस्परांशी नाते काय सांगते ते पाहण्यात खरे कौशल्य आहे. दोन्ही काटे खाली असले तर प्रशीतक कमी आहे. दोन्ही वर असले तर एकतर कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही किंवा कोणी प्रशीतक अधिक भरून ठेवला आहे. निळा वर आणि तांबडा खाली, म्हणजे दोघे एकमेकांकडे सरकलेले, असे चित्र दिसले तर कॉम्प्रेसरची दाबण्याची शक्ती गेली आहे. आणि निळा काटा हळूहळू शून्याकडे किंवा त्याच्याही खाली उतरत असेल, तर प्रसरण झडपेचे छिद्र बुजले आहे. थोड्या वेळाने ते आपोआप मोकळे होत असेल, तर बुजवणारा पदार्थ नळीत शिरलेल्या ओलाव्याचा बर्फ होय.

यंत्र बंद असता मापकावर दाब दिसला म्हणून प्रशीतक पुरेसा आहे असा निष्कर्ष पुष्कळ कारागीर काढतात. तो चुकीचा आहे. बंद नळीत द्रवाचा थेंबभर अंश जरी शिल्लक असला, तरी दाब केवळ तापमानावर ठरतो. ४० अंशांस तो वातावरणाच्या सुमारे दहापट असतो, मग आत शंभर ग्रॅम असोत की पाचशे. म्हणूनच प्रशीतक काट्यावर बघून न भरता वजन करून भरला पाहिजे. किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते.

येथे आपल्या देशातील गॅरेजांत सर्वांत रूढ असलेल्या शब्दाविषयी बोलणे प्राप्त आहे. 'गॅस संपला, भरून द्या' असे आपण पेट्रोल संपावे तसे म्हणतो. परंतु प्रशीतक हा इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंदिस्त वर्तुळात फिरतो. कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशील सीलमधून व रबरी नळ्यांतून तो अनेक वर्षांत किंचित झिरपतो हे खरे. पण दर उन्हाळ्यास गाडी 'गॅस' मागत असेल, तर तिला छिद्र आहे एवढाच त्याचा अर्थ.

छिद्र शोधण्याची जुनी रीत मोठी मनोवेधक होती. पूर्वीचा प्रशीतक आर-१२, म्हणजे फ्रेऑन, ह्यात क्लोरीन असे. स्पिरिटच्या किंवा प्रोपेनच्या दिव्याच्या ज्योतीत तांब्याची चकती तापवून नळीने संशयित जागेची हवा ज्योतीकडे नेत; क्लोरीन आला की ज्योत हिरवी होई. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, म्हणून तो दिवा आज निरुपयोगी आहे. आज कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांना साबणाचे पाणी लावतात, इलेक्ट्रॉनिक हुंगणी फिरवतात, अथवा प्रशीतकात चमकणारे रंगद्रव्य सोडून जंबुपार किरणांत पाहतात. ह्या साऱ्यांच्या आधी एक साधी खूण डोळ्यांनीच दिसते. प्रशीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्यामुळे, जेथे गळती तेथे तेलकट डाग, आणि त्यावर धूळ. नायट्रोजन महाग पडतो म्हणून कोणी साधी दाबलेली हवा किंवा वेल्डिंगचा प्राणवायू वापरील, तर त्यास थांबवावे. हवेबरोबर ओलावा शिरतो आणि दाबाखाली हवा-प्रशीतकाचे मिश्रण पेटूही शकते; प्राणवायू आणि तेल यांचा दाबाखाली संयोग तर स्फोटकच होय.

छिद्र बुजवल्यावर नळ्या निर्वात कराव्या लागतात. ह्यात केवळ हवा काढणे हा हेतू नसतो. दाब पुरेसा उतरवला की नळीतील पाणीही उकळून निघून जाते. ४० अंशांस त्यासाठी दाब वातावरणाच्या चौदाव्या हिश्श्याखाली नेला म्हणजे भागते. रायपूरचा उन्हाळा ह्या एका कामी तरी कारागिरास साहाय्य करतो. पंप अर्धा-पाऊण तास चालवून, तो बंद केल्यावर काटा जागचा हलत नाही ना, हे पाहण्याचा धीर मात्र हवा. घाईने पाच मिनिटांत उरकलेल्या निर्वातामुळे राहिलेला ओलावा पुढे झडपेत बर्फ होऊन बसतो, किंवा प्रशीतक व तेलाशी मिळून आम्ल बनतो आणि आतून धातू खातो.

गळक्या यंत्रात पुन्हा पुन्हा वायू भरण्याचा खर्च केवळ मालकाच्या खिशावर पडत नाही, आणि यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. घरगुती शीतकपाटांत आरंभी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड हे विषारी किंवा ज्वालाग्राही वायू वापरीत. त्यांस पर्याय म्हणून टॉमस मिज्ली ह्या अमेरिकन रसायनज्ञाने क्लोरीन-फ्लोरीनयुक्त वायू पुढे आणला. १९३० मध्ये त्याने तो श्वासात घेऊन व त्याच उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून, तो विषारीही नाही आणि पेटतही नाही, हे रसायनज्ञांच्या सभेत दाखवले. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची कल्पनाही ह्याच गृहस्थाची. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये वातानुकूलित मोटार विक्रीस आणली, ती ह्याच प्रकारच्या वायूवर. तिचे शीतयंत्र मागील सामानाच्या पेटीत होते आणि त्यास क्लच नव्हता. हिवाळ्यात ते बंद करायचे तर एंजिन थांबवून पट्टा उतरवावा लागे.

१९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी दाखवले, की हे अविनाशी वाटणारे वायू उंच वातावरणात जाऊन फुटतात आणि त्यांतील क्लोरीन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले खिंडार प्रसिद्ध झाले, १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला, आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. मोटारींनी आर-१२ सोडून आर-१३४ए स्वीकारला तो ह्यामुळे. ओझोनला ह्या नव्या वायूचा उपद्रव नाही. परंतु पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट प्रभावी आहे. गॅरेजात पाना फिरवून 'फुस्स' करून सोडून दिलेले पाचशे ग्रॅम म्हणजे ७१५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलोग्रॅम निघतो; तेव्हा हे तीनशे दहा लिटर पेट्रोल झाले. लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी तेवढ्यात रायपूरहून नागपूरला नऊ-दहा वेळा जाऊन परत येईल. ती फुस्सकन निघणारी वाफ तीन सेकंद टिकते.

म्हणून दुरुस्तीपूर्वी आतील वायू यंत्राने टाकीत ओढून घेणे, गाळणे व पुन्हा वापरणे हीच योग्य रीत होय. २०१६ मध्ये किगाली येथे अशा वायूंचा वापर घटवण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये त्यास मान्यता दिली असून आपली पहिली मर्यादा २०२८ पासूनची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए भरता येत नाही; तेथे आर-१२३४वायएफ हा, उष्णता फारच थोडी कोंडणारा पण किंचित पेटणारा वायू आला आहे. दोहोंची सरमिसळ करू नये, आणि स्वस्त मिळतो म्हणून नाव-गावाचा पत्ता नसलेला डबा तर घेऊच नये. २०११ मध्ये जहाजावरील शीत-पेट्यांमध्ये आर-१३४ए म्हणून मिथिल क्लोराइडमिश्रित बनावट वायू भरला गेला होता; ॲल्युमिनियमशी त्याची रासायनिक क्रिया होऊन स्फोट झाले आणि माणसे दगावली. मोटारीचे कंडेन्सर व कॉम्प्रेसरही ॲल्युमिनियमचेच असतात.

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी एक सूचना. त्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नसून उच्च दाबाच्या विजेवर चालतो, आणि त्याकडे जाणाऱ्या तारा नारिंगी असतात. त्यांस प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये. त्यांत वीज न वाहू देणारे निराळे तेल लागते. पेट्रोलगाडीचे तेल अनवधानाने गेले तर विद्युत्-रोधन बिघडते.

उन्हात उभी केलेली बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच बाहेरच्या हवेहून पंधरा ते वीस अंशांनी तापते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात म्हणण्याजोगा फरक पडत नाही. 'दोन मिनिटांत आलो' म्हणून मुलास किंवा वृद्धास आत ठेवून कोणीही जाऊ नये. एंजिन बंद असता साध्या मोटारीतील शीतयंत्र चालतच नाही. अशा तापलेल्या गाडीत बसताना आधी दारे उघडून कोंडलेली हवा घालवावी, यंत्र सुरू करून काचा मिनिटभर खाली ठेवाव्यात, आणि मगच आतलीच हवा फिरवणारी कळ दाबावी. ४४ अंशांची नवी हवा सतत थंड करण्यापेक्षा आतील ३० अंशांची हवा पुन्हा थंड करणे यंत्रास सोपे जाते. चार माणसे असलेल्या गाडीत दूरच्या प्रवासात मात्र ही कळ अधूनमधून उघडावी, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साचून चालकास झापड येते.

पावसाळ्यात गाडीखाली पाण्याचे थारोळे पाहून पुष्कळांस गळतीची शंका येते. ते पाणी कूलिंग कॉइलवर जमलेल्या दवाचे असते व ठिबकायलाच हवे. मे महिन्यात रायपूरची हवा कोरडी असल्याने ते क्वचितच दिसते. जुलैत ते न दिसले आणि पायाखालची सतरंजी ओली लागली, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे, आणि एका बारीक तारेने ती मोकळी होते. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे यंत्र चालवावे. त्यामुळे तेल फिरून कॉम्प्रेसरचे सील ओले राहतात, आणि एप्रिलच्या पहिल्या उन्हात पुष्कळ गाड्यांना सुरू होणारी गळती टळते.